डीम्डचे सोळा लाख की घाटावरचं सरकारी? आधी मधल्या कॉलेजचा हिशोब करा

दादा, तुमचा प्रश्न आधी नीट मांडून घेतो. मुलाला इंजिनीअरिंगला घालायचंय, एमएचटी-सीईटीला ९१ पर्सेंटाइल, ओपन कॅटेगरी, तुम्हा दोघांचं मिळून उत्पन्न साडेसात लाखांच्या आसपास, राहायला कळव्याला, धाकटी नववीत. गेल्या वर्षीच्या कटऑफवरून दोन ठिकाणी नंबर लागेल असं दिसतंय. एक घाटावरचं सरकारी कॉलेज, इलेक्ट्रिकल, फी तीसेक हजार पण हॉस्टेलला राहावं लागणार. दुसरं नवी मुंबईतलं खासगी विनाअनुदानित, एआय अँड डेटा सायन्स, कॅपमधून (म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून), फी १ लाख ६० हजार. आणि तिसरं डीम्ड युनिव्हर्सिटी (विद्यापीठाचा दर्जा मिळालेली संस्था), कॉम्प्युटर, वर्षाला ४ लाख, तिथला माणूस रोज फोन करतोय की दोनच सीट उरल्यात, आज टोकन भरा. वहिनींना डीम्ड हवंय, तुमच्या भावाला सरकारी, आणि तुम्ही लिहिलंय की दुसरं कॉलेज ना धड स्वस्त ना धड भारी म्हणून ते सोडूनच दिलंय.

तेच सोडू नका. तुमच्या केसमध्ये सगळी गंमत त्या मधल्या कॉलेजात आहे.

मी आधी सरकारी कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या मानधनावर, शिकवायचो, मग बरीच वर्षं खासगीत काढली, आता ठाण्यात नौपाड्याला बसून पोरांचे ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाचे अर्ज, बघून देतो. कुठल्या कॉलेजकडून कमिशन घेत नाही. हे मुद्दाम सांगतोय कारण या धंद्यात ते विचारूनच घ्यावं, अगदी मला पण. फुकट सल्ला देणारे बरेच जण प्रत्यक्षात कॉलेजच्याच पगारावर असतात, आणि तुम्हाला रोज फोन करणारा माणूस त्यातलाच आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पैशाचं. लोक काय करतात, ब्रोशरमधला फीचा आकडा बघतात, चारने गुणतात आणि हे महाग हे स्वस्त असं ठरवून टाकतात. तुमचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे आणि तुम्ही कॅपमधून जाताय, म्हणजे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती तुम्हाला लागू होते, ज्याला सगळे ईबीसी म्हणतात. त्यात ट्यूशन फीची निम्मी रक्कम सरकार भरतं. निम्मी ट्यूशन फीची हां, डेव्हलपमेंट फीची नाही, हे नीट लक्षात घ्या कारण इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. समजा १ लाख ६० हजारात ट्यूशन १ लाख ४० आणि डेव्हलपमेंट २० हजार असेल (नेमकं किती ते शुल्क नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे एफआरएच्या, वेबसाइटवर कॉलेजचं नाव टाकून बघा, तिथे दरवर्षी मंजूर झालेली फी असते), तर तुमच्या खिशातून जाणार ९० हजार. त्यावर रेल्वेचा पास, डबा विसरला त्या दिवशीचं कॅन्टीन, परीक्षा फी, पुस्तकं असं धरून वर्षाला १ लाख १५ हजार.

सरकारीचं बघू. फी ३० हजार, त्यातही ईबीसीने थोडी कमी होईल. हॉस्टेल मिळालं तर २० हजार, मेस महिन्याला साडेतीन हजार धरली तरी दहा महिन्यांचे ३५ हजार, येणं-जाणं, गणपती, दिवाळी, मधे एकदा आजारी पडला तर तुमची एक फेरी, वरखर्च, मिळून पंधरा. झाले एक लाख. आणि हॉस्टेलला नंबर लागला नाही, जे होतं, तर बाहेर रूम घेऊन खर्च अजून वर जातो.

म्हणजे चार वर्षांचे एकीकडे चार लाख, दुसरीकडे ४ लाख ६० हजार. तुम्ही ज्याला महाग म्हणून खोडलं त्यात आणि स्वस्तात चार वर्षांत साठ हजारांचा फरक आहे. मग या दोघांतला निर्णय पैशावर करायचाच नाहीये, तो वेगळ्याच गोष्टींवर करायचाय. तिकडे येतोच.

त्याआधी डीम्ड. ईबीसी तिथे नाही, डीम्ड आणि खासगी युनिव्हर्सिटी त्या योजनेतून वगळल्यात. एफआरएचं नियंत्रणही नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी फी किती वाढेल ते तेच ठरवणार. म्हणजे १६ लाख हा कमीत कमी आकडा. तुम्ही लिहिलंय की सहा लाख पीएफ आणि एफडीतून, दहा लाख लोन. ठीक, दहा लाखांचं लोन चार वर्षांत अडीच-अडीच लाख असं उचललं, व्याज १० टक्के धरलं, हप्ता कोर्स संपल्यावर एक वर्षाने सुरू. तोपर्यंत व्याज थांबत नाही. सरळ व्याजाने धरलं तरी हप्ता सुरू व्हायच्या दिवशी साडेतीन लाख व्याज चढलेलं असतं, म्हणजे साडेतेरा लाख फेडायचेत, सात वर्षांत फेडायचे म्हटलं तर महिन्याला साधारण २२ हजार ४००. मोठ्या आयटी कंपन्या कॅम्पसवर घाऊक भरती करतात तेव्हा फ्रेशरला मिळणारं पॅकेज कितीतरी वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतंय, हातात पंचवीस हजार आले तर नशीब. पोरगा ऐरोलीला माइंडस्पेसमध्ये नोकरीला लागला, आयकार्ड गळ्यात, सगळे खूश, आणि पगारातून उरतात अडीच हजार. मग हप्ता कोण भरणार, तुम्हीच. आणि त्याच सुमारास धाकटीची कॉलेजची वर्षं चालू असणार. व्याजावर टॅक्समध्ये सूट मिळते असं बँकवाला सांगेल, ती जुन्या टॅक्स रिजीममध्येच, नव्यात नाही, हे तो बहुतेक सांगणार नाही.

वहिनींचा मुद्दा मला कळतो, की कॉम्प्युटर ब्रँच आणि मोठं कॅम्पस, पोराचं भविष्य घडेल. पण जादाचे बारा लाख नेमके कशाचे देताय हे बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. शिक्षक चांगले? दाखवा. कंपन्या वेगळ्या येतात? दाखवा. एसी क्लासरूम आणि लॉनचे मी बारा लाख देणार नाही. हां, घरात पैसा असेल, लोन काढावं लागणार नसेल, आणि त्या विशिष्ट डिपार्टमेंटबद्दल खात्रीची माहिती असेल तर जरूर जा, सगळी डीम्ड वाईट असं अजिबात नाही. साडेसात लाखांच्या उत्पन्नात मात्र ते नाकापेक्षा मोती जड आहे.

टोकनचं. भरू नका. दोन सीट उरल्यात हे वाक्य मी दरवर्षी ऑगस्टच्या शेवटापर्यंत ऐकतो. पावतीशिवाय पैसे मागत असतील तर विषयच संपला, महाराष्ट्रात कॅपिटेशन फीविरुद्ध, म्हणजे ठरलेल्या फीच्या वर उकळलेल्या पैशांविरुद्ध, १९८७ पासून कायदा आहे. आणि ओरिजिनल मार्कशीट, लिव्हिंग सर्टिफिकेट "सीट ब्लॉक करायला" म्हणून कुणाच्याही हातात देऊ नका. एका पालकांनी दिलेलं, कॅपमध्ये नंबर लागल्यावर ते कागद परत मिळवायला त्यांना त्या ऑफिसच्या इतक्या खेपा घालाव्या लागल्या की रिपोर्टिंगच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी पोराची ॲडमिशन झाली. कॉलेजचं नाव नाही लिहीत.

आता खरा प्रश्न, सरकारी इलेक्ट्रिकल की खासगी एआय-डीएस.

सरकारी म्हटलं की आपल्याकडे एकदम व्हीजेटीआय, सीओईपी डोळ्यासमोर येतं. ती गोष्ट वेगळी, व्हीजेटीआय १८८७ चं, सीओईपी १८५४ चं, तिथे नंबर लागत असता तर हा प्रश्न तुम्ही विचारलाच नसता. बाकीची सरकारी कॉलेजं सगळी एका मापाची नाहीत. कुठे जुने, पक्के प्राध्यापक आहेत, कुठे निम्म्या जागा रिकाम्या आणि तासिकेवरची मुलं शिकवतायत ज्यांना स्वतःलाच पुढच्या सेमिस्टरला असू की नाही माहीत नसतं. मी तो होतो त्यामुळे सांगतोय, शिकवायची इच्छा असते पण एकीकडे दुसऱ्या नोकरीचे फॉर्म भरणं चालू असतं. खासगीत तोच प्रकार वेगळ्या नावाने, पगार रखडले की लोक सोडून जातात.

आणि एआय-डीएसबद्दल एक गोष्ट समजून घ्या. एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेने, २०२४-२५ पासून एका ब्रँचला किती सीट घ्यायच्या त्यावरची कमाल मर्यादा काढून टाकली. त्यानंतर बऱ्याच खासगी कॉलेजांनी कॉम्प्युटर आणि त्याच्या भावंडांच्या, म्हणजे एआय, डेटा सायन्स, सायबर वगैरे, सीट वाढवल्या. सीट वाढवायला परवानगी लागते, पण शिकवणारा माणूस परवानगीने तयार होत नाही. मग काय होतं, कुणाला तरी मशीन लर्निंग दिलं जातं आणि तो आदल्या रात्री यूट्यूब बघून येतो. सगळीकडे नाही होत, पण तुमच्या कॉलेजात होतंय का ते तपासल्याशिवाय ब्रँचच्या नावावर जाऊ नका.

तपासायचं कसं. घरी बसून दोन कागद काढा. एक, कॉलेजच्या वेबसाइटवर मँडेटरी डिस्क्लोजर नावाचा पीडीएफ असतो, कुठेतरी तळाशी दडवलेला, त्यात शिक्षकांची यादी असते, त्यात नेमणुकीची तारीख बघा. त्या डिपार्टमेंटमधले निम्मे लोक गेल्या जून-जुलैत आलेले असतील तर तिथे कुणी टिकत नाही. दुसरं, कॉलेज एनआयआरएफमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज क्रमवारीत, भाग घेत असेल तर त्याने भरलेला डेटा वेबसाइटवर टाकावा लागतो, त्यात किती मुलं पास झाली, किती प्लेस झाली आणि मीडियन पगार किती ते असतं. ब्रोशरमधलं "हायेस्ट पॅकेज ४० लाख" म्हणजे एक मुलगा, आणि तो कुठेही असता तरी त्याला मिळालंच असतं. ॲव्हरेज पण नको, त्या एकामुळे ते वर जातं. मीडियन बघा, म्हणजे बरोबर मधल्या पोराला काय मिळालं. "९५ टक्के प्लेसमेंट" म्हणाले तर विचारा की ९५ टक्के कुणाचे, सगळ्यांचे की प्लेसमेंटला रजिस्टर केलेल्यांचे, आणि एकाला तीन ऑफर मिळाल्या त्या तीन मोजल्यात का. दर्जा तपासणाऱ्या नॅकची ग्रेड अख्ख्या कॉलेजला असते, एनबीएची मान्यता मात्र एकेका कोर्सला असते, त्यामुळे मेकॅनिकलला एनबीए आहे म्हणून एआय-डीएसचं काही सिद्ध होत नाही.

मग प्रत्यक्ष जा. रविवारी नाही, ॲडमिशन डेस्कच्या टूरवरही नाही. कामाच्या दिवशी, सकाळी अकराला, सीनियर्सची लेक्चर चालू असताना. ऑफिसात काही विचारू नका, गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर टीईचं, म्हणजे तिसऱ्या वर्षाचं, पोरगं पकडा आणि "कॉलेज कसंय" असं विचारू नका, त्यावर "चांगलंय काका" एवढंच उत्तर येतं. विचारा की मागच्या सेमला डीबीएमएस (डेटाबेसचा विषय) कोण शिकवत होतं, अख्खं सेम एकच माणूस होता का, प्रॅक्टिकल स्वतः केलं की जर्नल उतरवलं. पाच मिनिटांत सगळं कळतं.

लॅब बघायला मिळाली तर जरूर बघा. माझ्या सरकारी कॉलेजातली इलेक्ट्रिकल मशीन्स लॅब मला अजून आठवते, डीसी मोटर इतकी जुनी की नेमप्लेटवरची अक्षरं पुसलेली, ऱ्हिओस्टॅटला गंज, पण चार-चार मुलांचा एकेक सेट, आणि कनेक्शन मुलांनी स्वतः करायचं. लॅब असिस्टंट एक शब्द बोलायचा नाही, नुसतं बघायचा, आणि फील्डची वायर सैल दिसली की मेन स्विचवर हात ठेवून उभा राहायचा, कारण फील्ड तुटलं तर मोटरचा वेग बेफाम वाढतो. ज्या पोराने तो हात बघितला तो फील्डचं कनेक्शन आयुष्यात विसरत नाही. पुढे खासगीत तोच प्रयोग नव्याकोऱ्या पॅनेलवर, रंगीत सॉकेट, सगळं झकपक, पण सेट एकच, वीस मुलं भोवती, एक जण रीडिंग सांगतोय आणि एकोणीस लिहून घेतायत. उलटंही असतं, सरकारीत मशीन कव्हर घालून वर्षानुवर्षं बंद आणि खासगीत एखादा तरुण सर रात्री आठपर्यंत लॅब उघडी ठेवून बसलेला. म्हणून तर म्हणतोय जाऊन बघा.

इलेक्ट्रिकलला तुम्ही "तडजोड" असं लिहिलंय, ते मला पटलं नाही. तुम्ही कळव्याला राहता, तुमच्या खिडकीतून ठाणे-बेलापूर पट्टा दिसत असेल. ऐरोली, रबाळे, महापेला डेटा सेंटर उभी राहतायत, त्या इमारतींत कोड लिहिणारे फारसे नसतात, तिथे सबस्टेशन, यूपीएस, डिझेल जनरेटर आणि कूलिंग सांभाळणारे लोक लागतात, म्हणजे इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकलवाले. महावितरण, महापारेषणच्या भरत्या आहेत, गेट परीक्षा देऊन सरकारी कंपन्यांत जायचा रस्ता आहे. आणि आयटीतच जायचं असेल तर घाऊक भरतीवाल्या कंपन्या ब्रँच बघत नाहीत, ॲप्टिट्यूड आणि थोडं कोडिंग बघतात. एआय-डीएसवाल्याला मात्र सबस्टेशनमध्ये कुणी घेणार नाही. पोराला सर्किट, मशीन यात अजिबात रस नसेल आणि तो आत्ताच रात्री जागून काहीतरी प्रोग्राम लिहीत बसत असेल तर गोष्ट वेगळी, मग एआय-डीएस घ्या आणि ईबीसीने ट्यूशन फी निम्मी करून घरून जाऊ दे, कळव्याहून ठाणे आणि तिथून ट्रान्स-हार्बर, फार लांब नाही. तुमच्या एवढ्या लांब मेसेजमध्ये वहिनी, भाऊ, तो फोनवाला, सगळ्यांची मतं आलीत, पोराचं एकही वाक्य नाहीये. त्याला विचारा, हॉस्टेलचंही. काही पोरं बाहेर राहून सुटतात, काही पहिल्याच सेमला चार केट्या (नापास विषय) घेऊन येतात, आणि तुमचं पोरगं कुठलं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये.

माझं मत विचाराल तर: डीम्ड आजच बाद. उरलेल्या दोघांत, सरकारी कॉलेजात इलेक्ट्रिकलला निदान चार-पाच जुने कायम शिक्षक असतील तर सरकारी वर. जागा रिकाम्या असतील, सगळं तासिकेवर चाललं असेल, तर मधलं कॉलेज वर, पण तिथल्या एआय-डीएसचे शिक्षक बघून. तेही पटले नाहीत तर त्याच परिसरातल्या जरा जुन्या खासगी कॉलेजांत ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) किंवा इलेक्ट्रिकल बघा, त्या डिपार्टमेंटमध्ये बऱ्याचदा अनुभवी लोक टिकून असतात आणि कटऑफ सहसा कॉम्प्युटरपेक्षा खाली असतात. ट्यूशन फी वेव्हर, म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या सीटही याद्यांत असतात, आठ लाखांच्या आतलं उत्पन्न लागतं आणि ट्यूशन फी पूर्ण माफ होते, कटऑफ बराच वर जातो म्हणून ९१ ला भरवसा नाही, पण चॉईस कोड वेगळा असतो, फॉर्ममध्ये टाकून ठेवायला काय जातंय. फक्त त्या सीटवर पुढे ब्रँच बदलता येत नाही.

धाकटीसाठी आत्ता पैसे अडकवून ठेवायची काळजी थोडी कमी करा. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि ॲडमिशन कॅपमधून असेल तर, व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, खासगी विनाअनुदानित कॉलेजातसुद्धा. तिच्या वेळी हे असंच राहिलं तर घराजवळचं खासगी कॉलेज तिला लांबच्या सरकारीपेक्षा स्वस्त पडेल. ईडब्ल्यूएसचा दाखला काढता येतो का ते आत्ताच बघून ठेवा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की मात्र यातलं काहीच नाही, ईबीसी पण नाही, हे मुलालाही लागू आहे.

ऑप्शन फॉर्म भरताना क्रम नीट लावा. २०२५ पासून चार राऊंड आहेत आणि पहिल्या राऊंडला पहिल्या नंबरचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, दुसऱ्यात पहिल्या तीनपैकी काही लागलं तर ते, तिसऱ्यात पहिल्या सहापैकी. त्यामुळे "आत्ता टाकून ठेवू, मग बघू" असं वरच्या नंबरांत काही टाकू नका. या वर्षीची माहिती पुस्तिका वाचा, नियम बदलत असतात.

आणि उत्पन्नाचा दाखला या आठवड्यात काढायला टाका, आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतूमधून, तहसीलदारांचा लागतो, डोमिसाइलही जवळ ठेवा. ॲडमिशन झाली की सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर ईबीसीचा फॉर्म मुलाने स्वतः भरायचा असतो, दरवर्षी नव्याने, आणि त्याचं बँक खातं आधारला लिंक हवं. काही कॉलेजं आधी पूर्ण फी भरा, स्कॉलरशिप आली की परत देऊ म्हणतात, तसं म्हणाले तर लेखी मागा.